लोंकरीचीं खेडीं : हिंवाळ्यांतील कॉट्सवोल्ड

लंडन पाहून आलेले लोक आपल्याकडे पुष्कळ भेटतात. लंडनबाहेरचें इंग्लंड डोळे भरून पाहिलेले त्या मानानें थोडे. परंतु ज्या पिढ्यांनीं शाळेंत इंग्रजी क्रमिक पुस्तकें वाचलीं, त्यांच्या मनांत त्या देशाच्या खेड्याचें एक चित्र कायमचें ठसून राहिलेलें असतें. मधाच्या रंगाच्या दगडाचीं बैठीं घरें, त्यांचीं उभ्या उताराचीं छपरें, मध्यें चर्चचा चौकोनी मनोरा, आणि गांवाच्या कडेनें वाहणारा गुडघाभर पाण्याचा ओढा. हें चित्र निव्वळ चित्रकाराच्या कुंचल्यांतून उतरलें असावें असें पुष्कळांस वाटतें. तें तसें नाहीं. ऑक्सफर्डच्या पश्चिमेस कॉट्सवोल्ड नांवाच्या टेकड्यांची जी लांबलचक ओळ पसरली आहे, तिच्यांत अशीं खेडीं आजहि डझनांनीं सांपडतात. प्रश्न एवढाच, कीं ज्या देशानें जगाच्या आधीं गिरण्या उभारल्या, आगगाड्या काढल्या, कोळशाच्या धुरानें स्वतःचें आकाश काळें केलें, त्या देशाच्या पोटांत हीं खेडीं जशींच्या तशीं राहिलीं कशीं?

उन्हाळ्यांत हा प्रश्न सुचतच नाहीं. कारण त्या दिवसांत तेथें गांवापेक्षां गर्दीच अधिक दिसते. हिंवाळ्यांत मात्र झाडांचीं पानें झडलेलीं असतात, भिंतींवरचे वेल वाळून गेलेले असतात, आणि गांवाचा नुसता सांगाडा डोळ्यांपुढें उभा राहतो. डिसेंबरांत सूर्य आठ वाजून गेल्यावर उगवतो व दुपारीं चारच्या आंत मावळतो. फिरणाऱ्याच्या हातीं आठ तासहि पुरते लागत नाहींत. जवळ मोटार नसेल तर त्याची सारी भिस्त खेड्यांतून फिरणाऱ्या बसवर. आणि त्या खेड्यांचा इतिहास वाचण्यास बसची खिडकी मोटारीच्या खिडकीपेक्षां बरी. बस उंच असते, सावकाश जाते, आणि शेजारीं गांवचीं माणसें बसलेलीं असतात.

‘बस’ हा शब्द आतां मराठीच झाला आहे. पण त्याची व्युत्पत्ति मोठी गमतीची आहे. १८२९ सालीं जॉर्ज शिलिबीर नांवाच्या गृहस्थानें लंडनमध्यें पॅडिंग्टन ते बँक अशी घोड्यांची मोठी गाडी सुरू केली व तिला पॅरिसमधील तशाच गाड्यांचें ‘ऑम्निबस’ हें नांव दिलें. लॅटिनमध्यें ‘सर्व’ या अर्थाचा जो शब्द आहे त्याचें हें चतुर्थीचें अनेकवचन, अर्थ ‘सर्वांसाठीं’. पुढें लोकांनीं मूळ शब्द टाकून दिला आणि शेपूट तेवढें ठेवलें. म्हणजे ‘बस’ हा शब्दच नव्हे, तो निव्वळ विभक्तीचा प्रत्यय आहे. ‘सर्वांस’ यांतील ‘सर्व’ गळून नुसता ‘स’ उरावा, तसा हा प्रकार झाला!

पॅडिंग्टन स्टेशनांतून निघालेली आगगाडी सुमारें दीड तासानें मॉर्टन-इन-मार्श येथें पोंचते. तेथून दक्षिणेकडे जाणारी बस ज्या रस्त्यानें निघते तो रस्ता रोमन लोकांनीं इसवी सनाच्या पहिल्या शतकांत आंखलेला. नैर्ऋत्येकडील एक्सिटरपासून ईशान्येकडील लिंकनपर्यंत तो जवळजवळ सरळ रेषेंत जातो. त्याला ‘फॉस वे’ म्हणतात. टेकडी आली म्हणून वळसा घेणें रोमन इंजिनियरांना मानवत नसे. त्यामुळें बस चढणीला लागली कीं गुरगुरते, आणि उतारावर थंडीचा वारा दाराच्या फटींतून आंत शिरतो. दोन्ही बाजूंना शेतांच्या कडेनें दगडावर दगड रचलेल्या भिंती पळत असतात. त्यांत चुना नाहीं, माती नाहीं. या भिंतींकडे पुन्हा यावें लागेल, कारण त्यांच्या पोटांत एक कडू गोष्ट दडलेली आहे.

आधीं दगडाविषयीं. हा चुनखडीचा दगड माशाच्या गाबोळीसारख्या बारीक गोल कणांचा बनलेला असतो. कोट्यवधि वर्षांपूर्वीं येथें उथळ उबदार समुद्र होता, त्याच्या तळाशीं हे कण सांचले. उत्तरेकडे त्याचा रंग मधासारखा, दक्षिणेकडे जावें तसा फिकट होत जातो. खाणींतून काढतांना तो मऊ असतो, उघड्या हवेंत कठीण होतो; त्यामुळें साध्या शेतकऱ्याच्या घरालाहि कोरीव चौकटीची खिडकी परवडली. आणि भिंतीला जो दगड तोच छपराला. ऑक्सफर्डशायरमधील स्टोन्सफील्ड गांवीं छपराच्या पातळ फरश्या काढण्याची रीत मोठी विलक्षण होती. हेमंताच्या आरंभीं खाणींतून मोठमोठे दगड काढून ते ओले ठेवीत व शेतांत मांडून कडाक्याच्या थंडीची वाट पाहात. दगडांत मुरलेलें पाणी गोठलें कीं फुगे, आणि थरांथरांनीं दगड आपोआप सुटे. रात्रीं हिम पडण्याचीं चिन्हें दिसतांच चर्चची घंटा वाजवीत. गांवचे लोक अंथरुणांतून उठून दगडांवर पाणी शिंपडण्यास धांवत. हिंवाळा सौम्य गेला तर वर्षाची कमाई बुडाली. अशा फरश्या वजनानें फार जड. म्हणून तुळ्या जाडजूड आणि पाणी निथळावें म्हणून छप्पर उभें. मोठ्या फरश्या खालीं वळचणीला, लहान होत होत वर आढ्यापर्यंत. चित्रकारांना भुलविणारी ती छपराची नक्षी अशी वजनाच्या व पाण्याच्या हिशेबांतून निघाली आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं या खाणी बंद पडल्या. याच खाणींत सांपडलेल्या अवाढव्य हाडांवरून विल्यम बकलंड यानें १८२४ सालीं ‘मेगॅलोसॉरस’ या प्राण्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. डायनोसॉर जातींतील शास्त्रीय नांव मिळालेला हा पहिला प्राणी.

जवळच्याच चर्चिल नांवाच्या खेड्यांत १७६९ सालीं एका लोहाराच्या घरीं विल्यम स्मिथ जन्मला. तिकडल्या गवळणी लोणी तोलण्यासाठीं शेतांत सांपडणारे गोल दगड वापरीत. ते दगड म्हणजे समुद्रांतील प्राण्यांचे अवशेष होते. त्या मुलानें हे दगड जमवले, पुढें मोजणीदार झाला, आणि १८१५ मध्यें सबंध इंग्लंडच्या भूस्तरांचा रंगीत नकाशा त्यानें एकहातीं तयार केला. याच चर्चिल गांवीं त्याच्यापूर्वीं ३७ वर्षें आणखी एक मूल जन्मास आलें होतें. त्याचें नांव वॉरन हेस्टिंग्ज. त्याची गांठ पुढें पडेलच.

मॉर्टनपासून चार-साडेचार मैलांवर स्टो-ऑन-द-वोल्ड. गांव टेकडीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारें ८०० फूट. येथल्या बोचऱ्या वाऱ्यावर तिकडील लोकांनीं एक म्हणच करून ठेवली आहे, आणि हिंवाळ्यांत बसमधून उतरतांच तिची सत्यता पटते. गांवाच्या मध्यें मोठा चौक. त्याला येऊन मिळणाऱ्या गल्ल्या मात्र इतक्या अरुंद, कीं दोन माणसांनीं अंग चोरून जावें. यांतून मेंढरें एकामागून एक चौकांत सोडीत, म्हणजे मोजणें सोपें जाई, असें सांगतात. डॅनियल डीफोच्या काळीं येथल्या एका जत्रेंत २०,००० मेंढ्या विकल्या जात, अशी आठवण आहे. चौकाच्या बाजूला सेंट एडवर्डचें चर्च. १६४६ च्या मार्चमध्यें राजा पहिला चार्ल्स याच्या शेवटच्या फौजेचा येथेंच मोड झाला. म्हातारा सेनापति जेकब ॲस्टली शरण आला, आणि कैद केलेले शिपाई याच चर्चमध्यें कोंडले. पहिल्या यादवी युद्धांतील हीच अखेरची मैदानी लढाई.

मेंढी हा या सर्व प्रदेशाचा कुलस्वामी म्हटला तरी चालेल. मध्ययुगांत इंग्लंडची मुख्य संपत्ति म्हणजे लोंकर, आणि त्यांतहि कॉट्सवोल्डच्या लोंकरीला फ्लँडर्समध्यें व इटलींत मोठा मान. मठांतील साधूंचे कळप हजारांनीं मोजावे इतके मोठे. ११९३ मध्यें राजा रिचर्ड जर्मनींत कैदेंत पडला तेव्हां त्याच्या खंडणीसाठीं सिस्टर्शियन मठांची सबंध वर्षाची लोंकर घेतली गेली. चौदाव्या शतकांत फ्लॉरेन्सच्या पेगोलोत्तीनें व्यापाऱ्यांच्या उपयोगासाठीं एक पोथी लिहिली. तींत कोणत्या इंग्रज मठाची लोंकर कोणत्या भावानें घ्यावी याची यादीच आहे. इटलीचे सावकार लोंकर मेंढीच्या पाठीवर असतांनाच पैसे देऊन ठेवीत. राजाचा डोळा अर्थात् जकातीवर. सारा माल एकाच नाक्यावरून जावा म्हणून १३६३ सालीं कॅले बंदरांत पेठ ठरवून दिली. लॉर्डांच्या सभेंत अध्यक्षाचें आसन म्हणून लोंकरीनें भरलेली जी लाल गादी असते, ती त्या काळाची खूण.

हा पैसा गेला कोठें तें नॉर्थलीच येथें दिसतें. गांव लहानसें, पण त्यांतलें चर्च एखाद्या शहराला शोभावें असें उंच आणि प्रकाशमान. तें पंधराव्या शतकांत लोंकरीच्या व्यापाऱ्यांनीं पुन्हां बांधविलें. त्यांपैकीं जॉन फोर्टी हा १४५८ सालीं वारला. फरशीत बसविलेल्या पितळी पत्र्यावर त्याची आकृति कोरली आहे: अंगांत लांब झगा, हात जोडलेले, आणि एक पाय मेंढीवर तर दुसरा लोंकरीच्या गांठोड्यावर! सरदारांच्या समाधींवर पायाशीं सिंह किंवा कुत्रा असावयाचा. या वाण्यानें आपल्याला मोठें करणारें जनावर निःसंकोच पायाशीं घेतलें. उत्तरेकडे चिपिंग कॅम्पडन येथें विल्यम ग्रेव्हेलचा असाच पत्रा आहे. तो १४०१ मध्यें मेला. सबंध इंग्लंडांतील लोंकर-व्यापाऱ्यांत तो पुष्पासारखा होता, असें त्यावर लॅटिनमध्यें नमूद आहे. त्याचें घरहि अजून उभें आहे. (‘चिपिंग’ म्हणजे बाजार, आपल्याकडील ‘पेठ’ जशी गांवाच्या नांवाला चिकटते तसेंच हें.)

पुढें कच्ची लोंकर परदेशीं धाडण्यापेक्षां तिचें कापड विणून धाडणें किफायतीचें ठरूं लागलें. बिबरी गांवची आर्लिंग्टन रो ही ओळ त्याची साक्ष देते. कोल्न नदीच्या पलीकडे दाटीवाटीनें बसलेलीं हीं घरें म्हणजे सुमारें १३८० मध्यें बांधलेलें लोंकरीचें कोठार. सतराव्या शतकांत त्याला भिंती घालून विणकरांचीं बिऱ्हाडें केलीं. समोरच्या दलदलीच्या तुकड्यावर ओलें कापड ताणून वाळवीत, म्हणून त्याला ‘रॅक आइल’ हें नांव. आज इंग्लंडांत सर्वांत अधिक वेळां छायाचित्र घेतलें गेलेल्या घरांत हीं मोडतात. त्यांत राहणाऱ्या विणकरांचे हाल मात्र कोणी छायाचित्रांत धरले नाहींत. अठराव्या शतकाअखेर यंत्रें आलीं, वाफेचीं इंजिनें आलीं, आणि धंदा कोळशाजवळ, म्हणजे यॉर्कशायरला गेला. कॉट्सवोल्डला कोळसा नव्हता. चरखे व हातमाग थांबले.

आणि आतां त्या रस्त्याकडेच्या भिंतींची गोष्ट. प्रवाशाला वाटतें, या भिंती अनादि काळच्या असतील. वस्तुतः त्यांतील बहुतेक अठराव्या शतकाच्या मध्यापासून पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांत उभ्या राहिल्या. तोंवर गांवाभोंवतीं मोठमोठीं मोकळीं शेतें असत, त्यांत ज्याच्या त्याच्या पट्ट्या. आणि गायरान सर्वांचें. गरिबाची एखादी गाय, चार बदकें, थोडें सरपण यांची सोय त्या गायरानावर होई. पार्लमेंटनें गांवागणिक कायदे करून या जमिनी मालकामालकांत वांटून टाकल्या व कुंपणें घालविलीं. ज्याच्यापाशीं कागद होता त्याला जमीन मिळाली. ज्याच्यापाशीं वहिवाट होती त्याला मजुरी. भिंती बांधण्यास मजूर लागले तेहि बहुधा तेच, ज्यांना त्या भिंतींनीं बाहेर ठेवलें. आपल्याकडे जंगलाचे व गायरानाचे तंटे ज्यांनीं जवळून पाहिले आहेत, त्यांना हें अधिक सांगणें नको.

१८७० नंतर अमेरिकेचा स्वस्त गहूं व ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची लोंकर येऊं लागली, तेव्हां उरलेली शेतीहि खचली. मजुरांचा पगार आठवड्याला कांहीं शिलिंग. १८७२ मध्यें शेजारच्या वॉरिकशायरांत जोसेफ आर्च यानें शेतमजुरांचा संघ उभारला आणि त्याचें वारें इकडे आलें. पुढल्या वर्षीं ॲस्कॉट-अंडर-विचवुड गांवीं संघाचे मजूर संपावर असतांना एका शेतकऱ्यानें बाहेरून दोन पोरें कामावर आणलीं. गांवच्या बायकांनीं शेताच्या वाटेवर उभें राहून त्यांना अडविलें. चिपिंग नॉर्टनच्या न्यायाधीशांनीं, आणि हे दोघेहि धर्मोपदेशक होते, सोळा बायकांना सात ते दहा दिवसांच्या सक्तमजुरीची शिक्षा ठोठावली. कांहींच्या कडेवर तान्हीं मुलें होतीं. रात्रीच्या वेळीं त्यांना गाडींत घालून ऑक्सफर्डच्या तुरुंगांत नेलें. गांवांत दंगा उसळला. देशभर ओरड झाली. दोन वर्षांनीं कायदा बदलला व शांतपणें समजूत घालणें हा गुन्हा राहिला नाहीं. टुमदार झोपड्यांच्या चित्रांत या सोळा बायका कोठेंच दिसत नाहींत, पण त्या झोपड्या त्यांच्याच होत्या.

खेडीं जशींच्या तशीं राहिलीं कशीं, याचें उत्तर येथें मिळतें. तीं कोणी जपलीं नाहींत. तीं बदलण्यास कोणापाशीं पैसा नव्हता. मोठी आगगाडी दुरून गेली, गिरण्या दुसरीकडे गेल्या, तरुण माणसें शहरांत आणि वसाहतींत गेलीं. जुनें पाडून नवें बांधावें असा उत्कर्षाचा दिवस त्या गांवांवर उगवलाच नाहीं.

जपण्याची भाषा आली ती नंतर, आणि ती प्रथम बोलला विल्यम मॉरिस. त्यानें १८७१ पासून थेम्सकांठच्या केल्मस्कॉट येथें जुनें घर भाड्यानें घेतलें होतें. १८७६ मध्यें बर्फर्डच्या चर्चची चाललेली ‘दुरुस्ती’ पाहून तो संतापला. जुने दगड खरवडून चर्चला नवेंकोरें करण्याची तेव्हां टूम होती. पुढच्याच वर्षीं त्यानें प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठीं संस्था काढली. ती आजहि चालू आहे. त्याच चर्चमध्यें खरवडून जाऊं नये अशी एक अक्षरांची ओळ आहे. १६४९ च्या मे महिन्यांत क्रॉमवेलच्या सैन्यांतील कांहीं शिपायांनीं बंड केलें. पगार थकला होता, आयर्लंडवर जाणें नको होतें, आणि सामान्य माणसालाहि राज्यांत मत असावें अशी त्यांच्यांत चळवळ होती. क्रॉमवेलनें सुमारें ३४० जणांना या चर्चमध्यें कोंडलें. त्यांतील अँथनी सेडली नांवाच्या शिपायानें बाप्तिस्म्याच्या शिशाच्या कुंडावर आपलें नांव, ‘कैदी’ हा शब्द आणि साल कोरून ठेवलें. १७ मे रोजीं तिघांना आवारांत उभें करून गोळ्या घातल्या. बाकीच्यांना छपरावरून पाहावयास लावलें. हिंवाळ्यांत दुपारीं तीननंतर त्या चर्चमध्यें कोणी नसतें, आणि तिरप्या उन्हांत तीं वेडींवांकडीं अक्षरें नीट वाचतां येतात.

मराठी माणसानें मॉर्टनच्या पश्चिमेस दोन मैलांवरील सीझिनकोटची वाट अवश्य धरावी. पानगळ झालेल्या ओक वृक्षांच्या मागून एकाएकीं तांब्याचा हिरवा घुमट दिसतो, आणि आपण ग्लॉस्टरशायरांत आहों कीं आग्र्याकडे, असा भ्रम होतो. कंपनी सरकारच्या नोकरींत पैसा मिळवून परतलेल्या चार्ल्स कॉकरेलसाठीं त्याच्या स्थापत्यकार भावानें, सॅम्युएल पीप्स कॉकरेलनें, १८०५ च्या सुमारास हा मोगली धाटणीचा वाडा बांधला. सल्ला थॉमस डॅनियलचा. हिंदुस्थानभर हिंडून ज्यानें देवळांचीं व घाटांचीं चित्रें काढलीं तोच हा. बागेंत सूर्याचें मंदिर आहे, पुलावर नंदी बसलेले आहेत, आणि पुलाचे खांब घारापुरीच्या लेण्यांतील खांबांवरून घेतलेले. श्रोत्यांपैकीं ज्यांनीं घारापुरी पाहिली आहे त्यांना ते पाहतांच ओळखूं येतील. डॅनियलचा पुण्याशींहि संबंध आहे. पेशव्यांच्या दरबारीं जेम्स वेल्स नांवाचा स्कॉटिश चित्रकार आला होता. नाना फडणीस, महादजी शिंदे, सवाई माधवराव यांचीं जीं चित्रें आपण इतिहासाच्या पुस्तकांत पाहतों त्यांचा उगम त्याच्याकडे आहे. तो १७९५ मध्यें वारला. चार्ल्स मॅलेटनें १७९० मध्यें पेशव्यांशीं केलेल्या तहाचा जो मोठा दरबारी देखावा लंडनच्या टेट संग्रहांत आहे, तो वेल्सच्या टिपणांवरून याच डॅनियलनें १८०५ मध्यें पुरा केला. शनिवारवाड्याच्या दरबाराचें चित्र आणि सीझिनकोटची बाग, हीं एकाच माणसाच्या हातून एकाच सुमारास घडलीं. पुढें १८०७ मध्यें युवराज जॉर्ज हा वाडा पाहून गेला, आणि ब्रायटनच्या समुद्रकांठच्या त्याच्या महालाला घुमट चढले.

स्टोच्या पूर्वेस डेल्सफर्ड. हेस्टिंग्जच्या घराण्याची ही वडिलोपार्जित जहागीर त्याच्या जन्मापूर्वींच विकली गेली होती. ती परत घ्यावयाची असा पण आपण सात वर्षांचे असतांना केला होता, असें तो म्हातारपणीं सांगे. १७८८ मध्यें त्यानें ती घेतली, आणि नवें घर बांधण्यास त्यालाहि तोच कॉकरेल मिळाला. त्याच वर्षीं पार्लमेंटांत त्याच्यावरील खटला सुरू झाला. तो सात वर्षें चालला. हेस्टिंग्ज निर्दोष सुटला, पण खर्चानें बुडाला. वडगांवच्या नामुष्कीनंतर बंगालमधून फौजा धाडणारा, आणि १७८२ मध्यें महादजींच्या मध्यस्थीनें सालबाईचा तह करून मराठ्यांपुढें हात आंखडता घेणारा हा माणूस येथें भाजीपाला व फळझाडें लावीत म्हातारा झाला. २२ ऑगस्ट १८१८ रोजीं तो मरण पावला. त्याच वर्षींच्या जूनमध्यें दुसरा बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला होता. डेल्सफर्डच्या लहानशा चर्चच्या आवारांत त्याची समाधि आहे. तेथें फारसें कोणी जात नाहीं.

कॅम्पडनकडे १९०२ सालीं लंडनच्या पूर्व भागांतील कारागीर बायकामुलांसह, दीडशें माणसें मिळून, राहण्यास आलीं. सी. आर. ॲशबी यानें त्यांची एक श्रेणी बनविली होती. यंत्राऐवजीं हातानें काम करून माणसासारखें जगावें हा हेतु. सहा वर्षांत ती दिवाळखोरींत निघाली, कारण लंडनचें गिऱ्हाईक दूर पडलें. पण शेजारच्या ब्रॉड कॅम्पडन येथें एका जुन्या पडक्या प्रार्थनामंदिराचें ॲशबीनें घर करून दिलें, त्यांत आनंद कुमारस्वामी राहूं लागले. आणि सिंहलच्या मध्ययुगीन कलेवरील आपला ग्रंथ त्यांनीं तेथेंच, मॉरिसच्या छापखान्यांतून आलेल्या यंत्रावर छापून १९०८ मध्यें प्रसिद्ध केला. स्वदेशीचा आणि कारागिरीचा जो विचार त्यांनीं पुढें हिंदुस्थानांत मांडला, त्याचीं कांहीं मुळें या इंग्रजी खेड्यांत आहेत.

आतां बसविषयीं जें राहिलें तें. पूर्वीं खेड्यांतून बाजाराच्या दिवशीं मालवाहू घोडागाडी निघे; कोंबड्या, अंडीं, टोपल्या यांच्या मध्यें म्हाताऱ्या बायका बसत. पहिलें महायुद्ध संपल्यावर घरीं परतलेल्या शिपायांनीं लष्करानें विकायला काढलेल्या मोटारी घेतल्या, त्यांवर बांकें ठोकलीं आणि बस सुरू केल्या. १९३० च्या कायद्यानें परवाने व वेळापत्रकें आलीं. पुढील वीस-पंचवीस वर्षें खेड्यांतील माणसाला शहर इतकें जवळ कधींच नव्हतें. १९४७ च्या भयंकर हिंवाळ्यांत रस्ते बर्फाखालीं गडप झाले, तेव्हां बस बंद पडणें म्हणजे काय तें गांवांना उमजलें. नंतर मोटारी आल्या. ज्यांनीं मोटारी घेतल्या ते बसमधून उतरले, आणि उतारू कमी झाले म्हणून फेऱ्या कमी झाल्या. आगगाडीचे फांटे त्याच सुमारास गेले: फेअरफर्ड आणि बोर्टन १९६२ मध्यें, कॅम्पडन १९६६ मध्यें. १९८५ च्या कायद्यानें, १९८६ च्या ऑक्टोबरपासून, बसचा धंदा मोकळा केला. जेथें नफा होता तेथें चढाओढ झाली, जेथें नव्हता तेथें काउन्टीच्या कौन्सिलानें पदरचे पैसे घालावे असें ठरलें. पैसे आटले कीं प्रथम रविवारची फेरी जाते, मग संध्याकाळची. कांहीं खेड्यांत आतां आठवड्यांतून एखाद-दुसऱ्या दिवशींच गाडी येते.

२००८ पासून इंग्लंडांत वृद्धांना सकाळीं साडेनऊनंतर बसप्रवास फुकट आहे. त्यामुळें हिंवाळ्यांत साडेनऊनंतरची पहिली बस म्हणजे गांवचा पारच. कोण आजारी, कोणाचें घर विकलें, दवाखान्यांत किती वेळ बसावें लागलें, हें सर्व तेथें निघतें. घर विकल्याच्या गोष्टी फार. शहरांतील धनिकांनीं सुटीपुरतीं घरें घेतल्यामुळें किमती इतक्या चढल्या आहेत, कीं गांवांत जन्मलेल्या तरुणाला गांवांत घर घेणें शक्य नाहीं. हॉटेलांतील वाढपी, शाळेंतील बाई, म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या बायका दहा-पंधरा मैलांवरून येतात. त्यांपैकीं ज्यांच्याजवळ मोटार नाहीं त्यांचा संसार त्या एका वेळापत्रकावर टांगलेला. भाड्यावर सरकारनें २०२३ मध्यें दोन पौंडांची व २०२५ मध्यें तीन पौंडांची मर्यादा घातली. परंतु जी बस येतच नाहीं तिचें भाडें किती कां असेना! उलट सहलीच्या मोठ्या गाड्या बिबरीसारख्या सहाशें वस्तीच्या गांवांत इतक्या शिरूं लागल्या, कीं रहिवाशांना दारांतून बाहेर पडणें कठीण झालें. जुन्या गरिबीनें जीं घरें वांचविलीं, त्यांतून आतां श्रीमंती गरिबांना बाहेर काढीत आहे.

डेल्सफर्डच्या पलीकडे एका मैलावर ॲडलस्ट्रॉप नांवाचें खेडें आहे. १९१४ च्या जूनमध्यें एडवर्ड टॉमस या लेखकाची आगगाडी तेथल्या स्टेशनावर क्षणभर थांबली. त्यावर त्यानें लिहिलेली छोटी कविता इंग्लंडांत घरोघर ठाऊक आहे. ती १९१७ मध्यें छापून आली. त्याच वर्षीं एप्रिलांत तो फ्रान्समध्यें आरासच्या लढाईंत मारला गेला. १९६६ मध्यें स्टेशन बंद झालें व इमारत पाडली. गांवकऱ्यांनीं स्टेशनाच्या नांवाची मोठी पाटी आणि फलाटावरचें बांक तेवढें वांचवून आणलें, आणि गांवाच्या तोंडाशीं असलेल्या बसच्या निवाऱ्यांत बसविलें. चार वाजतां अंधार पडूं लागला कीं त्या पाटीखालच्या बांकावर बसून बसची वाट पाहतात.